खऱ्या तारखांच्या वह्या

वडवणीच्या आमच्या घराच्या गच्चीवर हिवाळ्यातली दुपार फार हळू सरकते. लांब कुठेतरी कापसाचा टेम्पो घरघरत जातो, पाण्याच्या टाकीची सावली चटईवर चढत येते, आणि आपण काय करायला बसलो होतो याचाच विसर पडतो. मला मात्र विसरून चालणार नव्हतं. पंधरा दिवसांनी पुण्याला ऑफिसात हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी आईच्या वह्या तिच्या तिला उघडता आल्या पाहिजेत, असं मी स्वतःला बजावलं होतं.

आई नर्स होती. तलवाड्याच्या बाजूने सुरुवात करून तिने किती खेडी पालथी घातली, तिलाच ठाऊक. सरकारी रजिस्टर वेगळं. त्याशिवाय प्रत्येक बाळंतपणाची नोंद ती आपल्या वहीत करायची. बाळंतिणीचं नाव, गाव, तारीख, वेळ, आणि शेवटी एखादा शेरा. ‘पायाळू.’ ‘लई रडलं.’ ‘बाप ओट्यावर झोपून गेला.’

आमच्याकडे त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लिहून टाकत. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. त्यामुळे आई निवृत्त झाली तरी बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी दारात उभं असायचंच. “नर्सबाई, माझी खरी तारीख सांगता का?” मग आई चष्मा पुसून वह्या उलटायची. ज्याची तारीख त्यालाच सांगायची, शेजाऱ्याची विचारली तर हाकलून लावायची. पुढे तिचे डोळे थकले, वह्यांना वाळवी लागली, आणि लोक तसेच परत जाऊ लागले. तिला ते फार लागायचं.

घरून काम करायच्या महिन्यांत मी सगळ्या वह्या माझ्या जुन्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये चढवल्या. लॅपटॉपवर लिनक्स, आणि माझं सगळं काम काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालणारं. मला त्यात सुख वाटतं. पण माणूस आलं की आई मला हाक मारायची, मी दोन ओळी टाइप करायची आणि उत्तर सांगायची. एकदा ती म्हणाली, “तू गेल्यावर मी ह्या काळ्या पाटीसंगं काय बोलू?” तेव्हा ठरवलं, तिला खिडकी करून द्यायची. डेटाबेस तक्त्यासारखा समोर दिसेल, माउसने चाळता येईल, असं एखादं टूल बसवून द्यायचं.

रेंज फक्त टाकीजवळ, म्हणून संसार गच्चीवर हलवला. फोनवरून नेट जोडलं आणि डाउनलोड लावलं. निळी पट्टी पुढे सरकेना. आई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ऊन, शेंगांचा हिरवा वास, आणि पडद्यावर एकामागून एक उतरणाऱ्या फाइलींची नावं. पाहता पाहता माझी डुलकी लागली. जाग आली तेव्हा सावली पायांशी आली होती आणि टूल बसलेलं होतं.

पण ते डेटाबेसला जोडलं जाईना. पासवर्ड बरोबर, तरी आत घेईना. मी चिडले, लॅपटॉपला नाही नाही ते बोलले. “कावून वरडती? त्याला ऐकू येतंय का?” आई म्हणाली. शेवटी डेटाबेसच्या सेटिंगच्या फाईलमधला एक शब्द बदलून तो पुन्हा सुरू केला, तेव्हा कुठे दार उघडलं. मग अक्षरं फुटलेली दिसली; वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. चांगला देवनागरी फॉन्ट घातला, मोठा केला, आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

तारखेप्रमाणे लावलेला तक्ता. ओळींखाली ओळी, गावंच गावं. बोट पडद्याला न लावता आई हवेतच एकेका ओळीवरून फिरवत होती. “ही सगळी हायत की गं,” ती म्हणाली. मी तिला शोधायचं कसं ते दाखवलं, नवीन काही लिहिलं तर कुठलं बटण दाबायचं तेही दाखवलं, आणि चहा करायला खाली गेले.

वर येऊन पाहते तर पहिल्या ओळीत, बाळंतिणीच्या नावाच्या जागी, लिहिलेलं होतं: ‘नमो बुद्धाय’. आमच्या घरात कुठलीही वही अशीच सुरू होते. तिने नवी वही समजून पहिल्या जागी ते लिहिलं होतं आणि मी शिकवल्याप्रमाणे बटणही दाबलं होतं. तिथलं आधीचं नाव पुसलं गेलं होतं.

पहिल्या वहीचं पहिलं पान वाळवीने खाल्लेलं. ती नोंद आईने तोंडी सांगितली होती आणि मी नुसती टाइप केली होती. बॅकअप नव्हता. जगाला बॅकअपचे धडे देणारी मी! स्वतःवरचा राग मी तिच्यावर काढला. “हात कशाला लावलास? एक नाव कायमचं गेलं ना!” असं मी खरंच म्हणाले. लिहितानाही लाज वाटते.

आईने शेंगांचं सूप मांडीवर ओढलं. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने ते नाव सांगितलं. मग गाव. मग म्हणाली, “सकाळची येळ. अंगणात हुरडा भाजत व्हते. माझेच हात कापत व्हते, आन् ती बाळंतीण मलाच धीर द्यायली, भिऊ नका बाई म्हणून. तिचं नाव मी इसरीन व्हय?”

मी लॅपटॉप पुन्हा तिच्यापुढे ठेवला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने ते नाव जागेवर बसवलं आणि बटण दाबलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाजार होता. मी गच्चीवर बॅग भरत होते. खाली दार वाजलं. पन्नाशीची एक बाई आपली तारीख विचारत होती. मी जिन्यात आले आणि थांबले. आईने मला हाक मारली नाही. माउसची टिकटिक ऐकू आली, आणि मग तिचा आवाज: “घावली. ही बघा तुमची माय. पौषातली पहाट व्हती, लई थंडी.” तिने तारीख सांगितली. ती बाई आपलीच तारीख हळूहळू, दोनदा म्हणाली.

मग तिने विचारलं, “आन् तुमची कोणती ओ, बाई?”

“माझी एक जूनच,” आई म्हणाली. “माझ्या येळंला कुणी लिव्हणारं न्हवतं.”

दोघी हसल्या. मी जिन्यातच बसून राहिले.