भिंतीचं काळं टोक

आमच्या संघटनेच्या सभांना जो एलईडी पॅनल जोडून मोठ्या पडद्याची भिंत लावायचा, त्याला सगळे बल्ब म्हणत. महातोंडाळ. माझं भाषण लांबलं की मागून म्हणायचा, "ताई, आवरा, पॅनल तापले." मीही त्याला सोडायची नाही. पण मोर्चाच्या दिवशी, पोलिस दारात असतानाही, भिंत वेळेवर उभी करणारा तोच.

त्याचा धाकटा भाऊ आधी त्याच्याच हाताखाली होता. दादाची बोलणी नकोत म्हणून गोदामात कामाला लागला. त्या गोदामाला आग लागली. दाराला बाहेरून कुलूप. मालकाला मालाची काळजी हो, माणसांचं काय. आतलं कुणी वाचलं नाही.

शोकसभेसाठी गेलेल्यांच्या घरच्या बायका एवढंच म्हणाल्या, "एकत्र गेले, एकत्रच दिसू देत. आणि मागे बसलेल्या म्हातारीलाही आपला मुलगा ओळखू यावा." म्हणजे सगळ्यांचे फोटो एका ओळीत, मोठे; भिंत नेहमीपेक्षा रुंद हवी.

तिथेच घोडं अडलं. कॉम्प्युटरवरचं चित्र भिंतीकडे धाडणारं सेंडिंग कार्ड ठरावीक रुंदीच पेलतं. बल्बने मोठं कार्ड आणलं, पण भलत्याच कंपनीचं. पॅनलच्या आतली कार्डं त्याला दाद देईनात. भिंत ठार काळी. दुसऱ्याला यावरून शिव्या घालणारा हा माणूस, दुकानात साधं विचारायचंही विसरला होता.

"बदलून आण."

"दुकान बंद झालं, ताई. लोक येऊन बसलेत."

"मग जुनं लाव."

"जुनं लावलं तर शेवटचा पट्टा पेटणार नाही. नाहीतर सगळ्यांचे चेहरे बारीक करू."

"चेहरे बारीक होणार नाहीत," मी म्हणाले. "मालकाने केलं तेवढं पुरे."

बल्ब कॉम्प्युटरकडे वळला. फोटोंची जागा थोडी इकडेतिकडे केली, जुनं कार्ड बसवलं. भिंत उजळली. माणसाच्या उंचीएवढे चेहरे. पटांगणभर हुंदके फुटले. उजवीकडचं टोक तेवढं काळं राहिलं.

बल्बची आई पदर सावरत पुढे आली. "अरे, आपला कुठाय?"

"टोकाला आहे, आई."

"दिसत नाही."

"हो." तो वायरी चाचपत राहिला. "तिथे दुसऱ्या कुणाचा ठेवला असता, तर त्याच्या आईला काय सांगितलं असतं?"

तिने खुर्ची उचलून त्या काळ्या टोकासमोर नेली आणि सभा संपेपर्यंत तिकडेच बघत बसली.