मामाजींचे बिननावाचे ट्रान्झिस्टर

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या भावी सासऱ्यांनी पोह्यांच्या बशीशेजारी तीन पायांचा एक काळा दाणा ठेवला आणि विचारलं, "सांगा, हा काय आहे?" मी चष्मा सावरून नीट पाहिलं आणि म्हणालो, "मेलेला किडा." आतून हसण्याचा आवाज आला. ते हसणं पुढे माझ्या संसारात कायमचं राहायला आलं. सासरे मात्र गंभीरपणे म्हणाले, "ट्रान्झिस्टर व्हय. पन मेला का जित्ता, ते मीटर लावल्याबिगर मले बी नाई सांगता येत."

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना मामीजी. आरमोरीच्या पलीकडच्या त्यांच्या गावात मामाजी नळयोजनेचा पंप सांभाळत. पंप चालू केला, की टाकी भरेपर्यंत बंद पडलेल्या रेडिओंची आणि टीव्हींची पोटं फाडून त्यातले ट्रान्झिस्टर काढायचे, हा त्यांचा उद्योग. कितीकांच्या पाठीवरचे नंबर उडालेले असत. अशांना ते 'बिननावाचे' म्हणत आणि त्यांच्यावर विशेष माया करत.

मायेआधी परीक्षा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून ते एक सुई एका पायावर धरत आणि दुसरी आळीपाळीने उरलेल्या दोघांवर टेकवत. ज्या पायापासून दोन्हीकडे आकडा येतो आणि सुया उलटवल्या की काहीच येत नाही, तो बेस. उरलेले दोन पाय आपसांतच आकडा दाखवायला लागले, की तो ट्रान्झिस्टर केरात. पास झालेल्यालाही मोठं काम नाही. दोन पेन्सिल सेल, करंट अडवायला एक रेझिस्टर आणि ताप पाहायला वर मामाजींचं बोट. "घरच्या लाइनीवर याले कदी लावाचं नाई. ज्याची ताकद ठाव नाई, त्याच्यावर लहानच वझं टाकाव. आन् तापला, का काढाचा."

जावयाबाबतही त्यांचं धोरण हेच असावं. लग्नानंतर बरीच वर्षं सासुरवाडीत मला फक्त वाटाण्याच्या शेंगा सोलायला मिळत.

पुढे मामीजींचे कान गेले. दिवाळीनंतर त्यांच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, दुपारी दंडार होते. ठरलेली गाणी, नाच, सोंगं आणि मधूनमधून रडवणारं, दर वर्षी नवं कथानक. मामीजींना दंडारीची पदं तोंडपाठ. पण कान गेल्यावर एका मंडईला त्या घरीच बसल्या. "लोकं हासतेत तं मी बी हासतो. पन कायले हासून राह्यलो, तेच समजत नाई. लाज वाटते," म्हणाल्या. कानाचं विकतचं यंत्र त्यांनी तांदळाच्या कोठीत टाकून दिलं होतं. ते घातलं, की कानात रातकिडे ओरडतात, अशी तक्रार.

मामाजींनी पुढच्या मंडईच्या आधी साबणाच्या डबीत माइक, दोन सेल, इअरफोन आणि आपले लाडके बिननावाचे बसवले. मी म्हटलं, "मामाजी, चंद्रपूरहून नवे आणून देतो." म्हणाले, "आना ना. पन तुम्ही येस्तोवर हे काय बसून राह्यतीन?"

डबी पडवीत दिवसभर चालू ठेवली. थंड. मग इअरफोन मामीजींच्या कानात घातला. जेवताना मी बायकोला अगदी हळू म्हणालो, "भाजीत मीठ जास्त झालंय." चुलीपासून आवाज आला, "मंग नोका खाऊ, जावईबापू." मामाजी इतके खूश झाले, की माझी भाजीसुद्धा त्यांनीच संपवली.

मंडईच्या दिवशी मामीजी नवं लुगडं नेसून दुपारच्या उन्हात चटईवर बसल्या, डबी मांडीवर. दंडार सुरू झाली आणि पहिल्याच पदाला त्यांचे ओठ हलू लागले. मामाजींचं दंडारीकडे लक्षच नव्हतं, ते ओठांकडे पाहत होते. थोड्या वेळाने मामीजींच्या कपाळाला आठी पडली. "खरखर येऊन राह्यली जी."

मामाजींनी डबी उघडून बोट लावलं. एक ट्रान्झिस्टर तापला होता. जुन्या रेडिओतला, जर्मेनियमचा. तो उष्णतेने जास्तच करंट सोडतो आणि मग आणखी तापतो. आणि यांनी परीक्षा घेतली होती पडवीच्या सावलीत. त्यांनी सेल काढून खिशात टाकले.

"काऊन काढले? आयकू तं येत होतं थोडं थोडं."

"तापला," मामाजी त्यांच्या कानाशी ओरडले.

"तापू द्या ना मंग. दंडार होईस्तोवर."

"तुया आंगाजवळ तापलेली वस्तू मी नाई ठेवत."

मामीजी पदर सारखा करून घरी जायला उठू लागल्या. मामाजींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं, त्यांच्या कानाभोवती तळव्याचा द्रोण केला आणि दंडार सांगायला लागले. मोठ्याने. पुढून कोणीतरी म्हणालं, "मामा, दंडारवाल्याईलेबी बोलू द्या जी थोडं." मामाजी थांबले नाहीत. शेवटी सगळी गर्दी डोळे पुसत होती आणि मामीजी एकट्या हसत होत्या. मी आपला समजलो, आनंदाने हसतायत.

तो ट्रान्झिस्टर मामाजींनी दुसऱ्या दिवशी बदलला. त्या जागी सिलिकॉनचा लावला, तोही बिननावाचाच, आणि या वेळी डबी भर दुपारी छपराच्या कवेलूंवर ठेवून तपासली. ती अजून चालते. मामाजी गेल्या उन्हाळ्यात गेले.

यंदा मंडईला मामीजींना मीच घेऊन गेलो. योगायोगाने मामाजींनी कानात सांगितली होती, तीच दंडार होती. डबी मांडीवर घेऊन त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. खरखर नाही, काही नाही. लोक उठले तरी त्या बसून राहिल्या.

"जावईबापू, हे बाई तं शेवटी मरते."

"हो. मरतेच ती."

"तुमच्या मामाजीनं मले सांगतलं, का नवरा तिले बैलबंडीत बसवून घरी घेऊन गेला. आन् वाटेत तिच्यासाठी बोरं तोडली."

त्यांनी इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"मले वाटलं, आज अजून एकदा आयकाले भेटन," त्या म्हणाल्या.