शांत पाण्यात गेलेलं विमान
दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, हवाई दलातून निवृत्त होऊन बोरीला आमच्याकडे आले होते. ताई, दाजी आणि मी येलदरी धरणावर गेलो.

“पाणी लय शांत हाय, दाजी. नावेत बसू,” मी म्हणालो.

ते जागीच थबकले. “अशाच पाण्यात माझा दोस्त गेला. पाण्यालगत खालून उडायचा सराव होता. विमान ठीक, हवा स्वच्छ. पण थिर पाण्यात आभाळच दिसतं, उंचीचा अंदाज येत नाही. मागच्या विमानातून मी रेडिओवर ‘वर घे’ म्हणून ओरडलो, तोवर तो पाण्यात शिरला होता.”

विमान वादळानं किंवा बिघाडानंच पडतं, असं मला वाटायचं.

ताईचा चेहरा पांढरा पडला. “मला हे कधीच बोलला न्हाईत तुमी.”

तिनं दाजींचा हात धरला आणि आम्ही गाडीकडे वळलो.