दहावी बाई

वहिनींचा हेवा तोंडावर दिसत नसे, इस्त्रीत दिसे. धाकटी जाऊ जवळून गेली की वाफेचा असा फुत्कार सुटायचा की समोरची चादर जिवंत असती तर पळून गेली असती. मी घडीच्या टेबलावर, त्यांच्या अगदी समोर, त्यामुळे मला सगळं आयतं बघायला मिळायचं.

आमच्या धुलाईच्या कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी येतात आणि लॉजचे अभ्रे. वहिनी तिथल्या सगळ्यात जुन्या. 'वहिनी' हे आम्हीच पाडलेलं नाव, मालकही तेच म्हणतो. मालकाला इस्त्रीतलं जे काही कळतं ते त्यांनीच शिकवलेलं, आणि हे त्या त्याच्या तोंडावर ऐकवत. घरी त्यांचं काही चालत नसे. सासूबाईंना उठता-बसता धाकटीचं कौतुक. धाकटीचा हात हलका, धाकटीचं बोलणं गोड. "मी एवढी वर्षं राबले ते भिंतीने पाहिलं," असं वहिनी मला म्हणायच्या. त्यांना कोणी विचारायचं ते फक्त कारखान्यात.

आमच्याकडचा नियम असा, की दहाच्या आत कामगार असले तर धंदा लहान धरतात, आणि लहान धंद्याच्या मालकाला जादा वेळेचे दुप्पट पैसे द्यावे लागत नाहीत. साधा दर दिला की तो मोकळा. म्हणून आमचा मालक नवावर ठाण मांडून बसलेला. एखादी सोडून गेली की लगेच तिच्या जागी दुसरी, पण चादरींचे ढीग छताला टेकले तरी दहावी नाही. याला नवाच्या पुढे मोजता येत नाही, असं आम्ही म्हणायचो.

मग एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं आणि मालकाची हाव जिंकली. त्याच सुमारास धाकटीच्या नवऱ्याचं काम सुटलेलं. वहिनींनी घरी सांगून टाकलं होतं, "आमच्याकडे जागा नाही." धाकटी थेट मालकाच्या काचेच्या खोलीत गेली आणि विचारून आली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी अभ्रे झटकत उभी. वहिनींनी त्या दिवशी तीन अभ्रे करपवले.

धाकटी आली आणि आम्ही दहा झालो. आम्हाला जादा वेळेचे दुप्पट मिळायला लागले. बायका तिच्यावर जीव टाकायला लागल्या. हिचा पायगुणच चांगला, म्हणायच्या.

"पायगुण कसला आलाय?" वहिनी म्हणाल्या. "डोकी मोजलीत. हिच्या जागी कुणीही आली असती तरी दहाच झाले असते."

बोलणं खरं होतं, पण ऐकून कोण घेतं? खरं सांगायचं तर माझ्याही पोटात दुखायचं. मीही इतकी वर्षं तिथे उभी होते, माझ्या पायात कुणाला गुण दिसला नव्हता.

दुप्पट पैसे मालकाच्या घशाखाली उतरेनात. त्याने वहिनींना आत बोलावलं. काचेमुळे दिसत होतं सगळं, आणि दार लोटलेलं असूनही त्याचा आवाज बाहेर येत होता.

"वहिनी, तुम्ही आता मॅनेजर. हातात इस्त्री धरायची नाही, माणसांवर देखरेख करायची. इथे माझ्यासमोर खुर्ची टाकतो तुम्हाला."

मॅनेजरला कामगारांत मोजत नाहीत, आणि त्याला जादा वेळेचे पैसेही नाहीत. वहिनी वजा झाल्या की आम्ही पुन्हा नऊ, धंदा पुन्हा लहान. हे आम्हाला कळलं तर वहिनींना कळलं नसेल? त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सांगते म्हटलंय." जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांना घेरलं. नाही म्हणा, आमच्या पोटावर पाय येईल, अशी गयावया केली. त्या नळाशी हात धुवायला गेल्या. धाकटी त्यांच्या मागोमाग गेली, दोन शब्द बोलली आणि परत आली.

वहिनी तडक आत गेल्या. "मला नको तुमची खुर्ची," त्या म्हणाल्या. "माझी इस्त्री बरी."

त्या दारातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी नव्हे इतका मोकळा पाहिला. बायका धावल्या. वहिनींकडे नाही, धाकटीकडे. एकीने तिच्या गालावरून हात फिरवला. "तूच समजावलंस बाई त्यांना. नाहीतर त्या कसल्या ऐकतात!"

"मी कुठे," धाकटी म्हणाली. "मी नुसतं विचारलं, ताई, डबा खाल्लात का."

तिचं कुणी ऐकलं नाही. वहिनींनी मात्र 'तूच समजावलंस' एवढं ऐकलं होतं. त्या जागच्या जागी वळल्या, पुन्हा काचेच्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्या म्हणाल्या, "टाका खुर्ची."

आमचे दुप्पट पैसे गेले. वहिनी खुर्चीत बसल्या, पण बसायला मिळालं ते थोडेच दिवस. काम तटलं की मालक म्हणायचा, "वहिनी, जरा हात लावा," आणि मॅनेजरला घरी जायची वेळच नसते. आम्ही निघालो तरी त्या इस्त्रीवरच. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. मीही नाही.

धाकटीने काही भांडण केलं नाही. एका मोठ्या धुलाईत जागा निघाली, तिथे माणसंच इतकी की नियमातून सुटका नाही, दुप्पट म्हणजे दुप्पट. ती गेली. तिच्या जागी मालकाने कुणाला घेतलं नाही, आणि वहिनी धरून आम्ही नऊच राहिलो. मालकाने खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "आता मॅनेजरची काय गरज? तुम्ही आपल्या पहिल्यासारख्या."

परवा वहिनी माझ्या टेबलाशी आल्या. चादरीचं टोक धरून उगाच सरळ करत राहिल्या.

"तिच्या तिथे अजून एक जागा निघणार आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "तुझं तिच्याशी बरं आहे. माझ्यासाठी विचारशील का?"

एका घरात राहतात दोघी, एकाच नळाचं पाणी भरतात. "विचारते," मी म्हणाले.

काल धाकटी रस्त्यात भेटली, अंगावर चांगली साडी, चेहऱ्यावर तजेला. मला तिचा फार हेवा वाटला. जागा एकच आहे, ती म्हणाली, आणि कुणासाठी हवी आहे म्हणून विचारलं.

मी माझं नाव सांगितलं.