हाताला न लागलेले कण

चिखलीच्या रंगरावाच्या वॉशिंग सेंटरात कोंडीरामाचा हात फिरल्याशिवाय गाडीच्या काचेचं काम झालं म्हणत नसत. तळवड्याकडं एखाद्या शेडला रंगाचा फवारा मारायचं काम निघालं, की वाऱ्यावर उडालेला रंग शेजारच्या गाड्यांवर बसायचा. निळा-पांढरा रंग दिसतो तरी. बिनरंगी लॅकरचे, म्हणजे चकाकीसाठी मारायच्या रोगणाचे, कण मात्र सेंटरच्या पत्र्याखालच्या सावलीत डोळ्याला दिसत नाहीत, हातालाच लागतात. कोंडीराम काच साबणाच्या पाण्यानं भिजवायचा, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायचा अन् डोळे मिटून बोटं फिरवायचा. पिशवीतून बारीक कणही रव्यासारखा टोचतो. टोचला की तिथं ब्लेड आडवं धरून, दम न टाकता, एकाच दिशेनं खरवडायचा.

"काय कोंडीभाऊ, नाडी लागती का?" रंगराव चेष्टा करायचा. चाकणजवळच्या खेड्यातनं आलेल्या कोंडीरामाला सही धड यायची नाही, पण इंजिनिअर लोक त्याच्या होकारासाठी खोळंबून उभे राहायचे.

दिवाळीच्या सुमाराला त्याची बोटं बधिर झाली. बावीस वर्षं रंग काढायच्या थिनरमध्ये भिजलेली ती. चहाचा पेला किती तापलाय तेही कळेना. रंगरावाला सांगावं, तर हातातलं ब्लेड जाणार. त्यानं फक्त बायकोला सांगितलं.

भागूबाई जवळच्या खानावळीत कामगारांसाठी भाकऱ्या थापायची, दुपारी त्याचा डबा घेऊन यायची.

"अगं, जरा हात लाव हितं. कुनाचं ध्यान न्हाई."

ती पदर खोचून पिशवी चढवायची, काचेवरनं हात फिरवायची.

"हाय का काय?"

"न्हाई वं. लोन्यावानी गुळगुळीत."

मग कोंडीराम फाटकाकडं बघून हात वर करायचा. "जाऊंद्या!"

"वहिनी, डबा द्यायला येताय का गाडी पसंत करायला?" रंगराव म्हणायचा.

"दोनीबी!" म्हणून ती हसायची.

असेच चार महिने गेले. मग एका सकाळी तनुजा नावाची आयटी पार्कातली मुलगी आदल्या दिवशी नेलेली गाडी घेऊन परत आली.

"काका, रागावू नका. काल घरी जाताना समोरून ऊन आलं अन् सगळी काच पेटल्यासारखी चमकली. निगडीच्या वळणावर बाईकवाला दिसलाच नाही मला. थोडक्यात वाचला. पुढं टाकीवर पोरगी बसलेली होती हो, एवढीशी."

रंगरावानं गाडी उन्हात घेतली. काचभर कण. "कोंडीभाऊ, ही तुमच्या हाताखालनं गेली?"

"माजाच हात," कोंडीराम म्हणाला, अन् तडक खानावळीत गेला.

भागूबाई तव्यापुढं होती. "खरंच काय लागलं न्हवतं तुला?"

तिनं उलथनं न घेता, नुसत्या बोटांनी फुगलेली भाकरी तव्यावरनं उचलली. "मला कंदीच काय लागलं न्हाई," ती खाली बघत म्हणाली. "बोटं भाजून भाजून लाकडं झाल्यात माजी. पयल्याच दिशी सांगनार हुते. तुमचं त्वांड बघितलं, अन् न्हाई सांगवलं."

तो तिच्यावर ओरडला नाही. तसाच जमिनीवर बसला. "अगं, लेकरू हुतं त्या गाडीवर."

तिनं पदर तोंडाला लावला. तव्यावर टाकलेली दुसरी भाकरी करपली.

परत येऊन त्यानं ब्लेड पुसलं अन् रंगरावाच्या टेबलावर ठेवलं. "बोटं मेली माजी. दिवाळीपासनं."

"मग सांगितलं का न्हाई, भल्या माणसा?"

"तवापासनच्या समद्या गाड्या परत बोलवा," कोंडीराम म्हणाला.

रंगरावानं मोबाइल काढला. कुणाच्या गाडीवर लॅकर होतं ते कुठं लिहिलेलं नव्हतं. कोंडीराम एकेक आठवून सांगू लागला, बोटं मुठीत धरून. "पांढरी एक हुती, मागं लेकराची शीट बांधलेली. तिला आदी फोन लावा."