एका कार्डावरचे तिघे भाऊ

सुभेदार कार्ड वाचायचे ते खिडकीत उभं राहून, उन्हात धरून. भोकांतून उन्हाचे ठिपके त्यांच्या गालावर उतरत आणि ते डोळे अर्धवट मिटून ओठ हलवत. खालच्या पेठेतून हळदीचा वास येई. हा माणूस काम करतोय की स्वप्न बघतोय, असं मला पुष्कळदा वाटे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. फलटणकडचे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आमच्या सांगलीच्या कचेरीत कार्डांना भोकं पाडायचे; त्या काळी संगणक मजकूर अशा भोकांवरूनच वाचायचा. साखर कारखान्याची ऊसतोडीच्या पाळीची यादी आम्ही करत असू. दर कार्डावर गाव, मालक, गट नंबर, मध्ये स्वल्पविराम. कार्डं एसटीनं पुण्याला जात आणि तिथला संगणक स्वल्पविराम दिसेल तिथं मजकूर तोडून रकाने भरी. तो प्रोग्राम माझा, आणि मला त्याचा भलताच गर्व. सुभेदार म्हणत, "मशीन हुकूम पाळतं गड्या. इचार आपुन करायचा."

एकदा कडेगावचे ज्ञानूअण्णा आले. खुर्चीवर बसलेच नाहीत. "सायेब, जिमीन आमा तिघा भावांची, एकत्र. यादीत माझं एकल्याचंच नाव हाय. धाकली दोघं म्हनत्यात, अण्णानं आमाला काढलं. चार दिस झालं, माझ्यासंगं जेवत न्हाईत."

मी दोन दिवस प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चूक सापडेना, तेव्हा मशीनला नावं ठेवली. सुभेदारांनी पुण्याहून परत आलेल्या गठ्ठ्यातून अण्णांचं कार्ड काढून उन्हात धरलं, मग आणखी दहा-बारा धरली. "बाकीच्यांवर दोन स्वल्पविराम हायत. ह्याच्यावर चार." आमच्याकडे एकत्र जमिनीच्या मालकांची नावं स्वल्पविराम देऊनच लिहितात. माझ्या प्रोग्रामनं पहिल्याला मालक धरलं, दुसऱ्याला गट नंबरात घातलं, तिथं फक्त आकडेच छापले जात म्हणून ते नाव उमटलंच नाही, आणि तिसऱ्याला टाकूनच दिलं. मी पार ओशाळलो.

"नावात कुनी लिवत न्हाई अशी निशानी घे," ते म्हणाले. रकान्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी चांदणीची खूण घ्यायची ठरली. सगळी कार्डं त्यांनीच पुन्हा पाडली.

नवी यादी टपालानं पाठवता आली असती. पण सुभेदार मला घेऊन कडेगावला गेले आणि अंगणात उभं राहून तिन्ही नावं खणखणीत वाचली. धाकट्यानं यादी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि आत वळून म्हणाला, "अण्णाचं ताट आमच्यासंगं वाढा."

परतताना स्टँडवर सुभेदार सांगलीच्या गाडीत चढेनात. "माझा बी एक भाऊ हाय फलटनला. तेरा वर्सं बोललो न्हाई," एवढंच म्हणून ते फलटणच्या गाडीत जाऊन बसले. गाडी उसाच्या शेतांमधून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.

आठवड्यानं पत्र आलं. खाली सही त्यांच्या भावाची. "दादा आता हितंच ऱ्हानार. तुमी दुसरा मानूस बघा." माझे डोळे भरले, तरी त्या दिवशी कचेरीत मी सगळ्यांना पेढे वाटले.