केबिन निघाली, मी आतच

आपल्याच बागेत लाकडी खोली बांधायलाही महापालिकेची परवानगी लागते, हे मला खोली बांधून, रंगवून, तिची पूजा घालून झाल्यावर कळलं.

निवृत्तीनंतर निवांत वाचायला म्हणून मी ती केबिन करून घेतली होती. (वाचन झालं नाही. झोप मात्र उत्तम लागायची.) तक्रार कुणी केली म्हणाल, तर कुणीच नाही! आत एखादं बेसिन असावं म्हणून मीच नळजोडणीची चौकशी करायला महापालिकेत गेलो आणि "कुठल्या खोलीसाठी?" या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर फोटो दाखवून, मोठ्या अभिमानाने दिलं. पाठोपाठ नोटीस आली. खोली काढा, नाहीतर आम्ही येऊन पाडू.

मी "आज काढू, उद्या काढू" करत राहिलो आणि मुदतीचा शेवटचा दिवस नेमका आमच्या ऋतुजाच्या लग्नाच्या बोलणीचा निघाला. मुलगा तिला मनापासून आवडलेला. त्याचे वडील, वसंतराव, पंचवटीतले आणि शिस्तीचे. त्यांना आदल्याच संध्याकाळी मी फोनवर सांगून बसलो होतो, "आमच्या घरात नियमाबाहेर काही होत नाही!"

"बाबा, आजच्या दिवस तरी तुम्ही काही करू नका," ऋतुजा सकाळी म्हणाली.

मी करणार नव्हतोच. पेठहून माझा मेहुणा नामदेव गावची माणसं आणि टेंपो घेऊन आला होता. केबिन त्याला शेतात राखणीसाठी हवी होती.

"फळ्या जपून सोडव रे," मी म्हणालो.

"सोडवायच्या कशाला, दाजी? आमच्याकडं आख्खी झोपडी उचलून दुसरीकडं ठेवत्यात. खालून बांबू घालायचे आन् खांद्यावर घ्यायची. लय सोपं हाय!"

"पाहुणे यायच्या आत होईल?"

"चहा गार व्हायच्या आत!"

छताला टेकू लावला होता, तो आतून धरायला एक माणूस हवा होता. "यांना घाल आत," आमची ही भावाला म्हणाली, "बाहेर राहिले की सूचना देत बसतात."

मी आत गेलो, दार लावून घेतलं आणि टेकू धरला. बाहेर "उचल रे!" झालं आणि माझ्यासकट केबिन उठली! बागेचं फाटक काढून ठेवलेलं होतं, त्यातून ती तिरकी होऊन बाहेरही पडली. (सूचना मी आतूनही देत होतो.) गल्लीत वळताना मात्र विजेचा खांब आणि समोरच्यांची भिंत यांच्यामध्ये ती अशी बसली की पुढे जाईना, मागे येईना! माणसं दम खायला बाजूला झाली. मी दार ढकललं, तर चौकट तिरपी होऊन तेही घट्ट बसलेलं. खिडकीला लोखंडी गज. ते मीच बसवून घेतले होते, चोर येऊ नये म्हणून.

तेवढ्यात महापालिकेची गाडी आली.

"बागेतली खोली काढली का?" साहेबांनी नामदेवला विचारलं.

"काढली की, सायेब!"

"मालक कुठे आहेत?"

"खोलीत."

साहेब खिडकीशी आले. मी गजांमागून नमस्कार केला. "साहेब, बाग मोकळी आहे, बघून घ्या."

"बाग मोकळी झाली हो. पण आता हे रस्त्यावरचं अतिक्रमण झालं!"

त्यांच्या गाडीमागे हॉर्न वाजला. वसंतराव, त्यांच्या सौभाग्यवती आणि पेढ्यांचा बॉक्स धरलेला मुलगा खाली उतरले. एव्हाना सगळी गल्ली जमली होती. "या, या, बसा!" मी म्हणालो. (कुठे, ते मला विचारू नका.) फाटकाच्या जागी ऋतुजा साडी नेसून उभी होती. रडत नव्हती, पण तिने मान खाली घातली होती. माझ्यामुळे घातली होती. मला इतकी लाज वाटली की त्या क्षणी महापालिकेने केबिनसकट मलाही पाडलं असतं तरी चाललं असतं.

"वसंतराव," मी म्हणालो, "परवानगी मी काढली नाही. काल फोनवर उगाच बढाया मारल्या. पोरीचा यात काही दोष नाही हो. ती माझ्यासारखी मुळीच नाही."

"ते दिसतंय," वसंतराव म्हणाले. त्यांनी बाह्या वर सारल्या, मुलाला हाक मारली आणि नामदेवच्या माणसांबरोबर बांबूला खांदा लावला. साहेबांच्या ड्रायव्हरनेही लावला. केबिन हातभर सरकली, पण दार काही हलेना.

वसंतराव घाम पुसत खिडकीशी आले.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. साखरपुडा तुमच्या दारात करा, लग्नही तुमच्याच दारात करा. फक्त मांडवाची परवानगी काढायला मी जाईन!"

मी ताबडतोब कबूल केलं. अशा वेळी व्याह्यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारायची असते. आमच्या गजांतून दोन बोटंच बाहेर जात होती, तेवढ्यावर भागवलं!